चुलत्याची कडबाकुट्टी

माझ्या उजव्या हाताची तीन बोटं सणसवाडीच्या एका कंपनीत प्रेस मशीनखाली गेली. हे वाक्य आज मी कुणालाही तोंडावर सांगते. भाजी घेताना कुणी हाताकडं टक लावून बघायला लागलं, की त्यानं विचारायच्या आधीच सांगून मोकळी होते. पण तेव्हा आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारत नव्हतं. घरात दुसरंच उत्तर तयार ठेवलेलं होतं : लहानपणी कडबाकुट्टीत हात गेला.

हे उत्तर माझ्या आईचं. मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिनं ते शोधून काढलं होतं. कडबाकुट्टी, म्हणजे जनावरांचा चारा बारीक करायचं विजेवरचं यंत्र, ज्यांच्या घरी असतं त्यांच्याकडं म्हशी असतात, गोठा असतो, लाइट असते. अशा घरात लहान पोरीनं खेळता खेळता हात घातला, तर त्यात तिचा काय दोष? पण कंपनीत लागलं म्हटलं की पुढचे प्रश्न सुरू. कंपनीत कशाला जात होती? कुणाबरोबर जात होती? किती वाजता घरी यायची? आमच्या शिरूरकडच्या गावांत त्या वेळी लोक 'कंपनीतली पोरगी' हे शब्द ज्या सुरात बोलायचे, तो सूर आठवला की मला अजून संताप येतो.

गंमत अशी, की आमच्याकडं कडबाकुट्टी नव्हती. म्हशीही नव्हत्या. एक गाय होती आणि तिच्यापुरता चारा आप्पा विळ्यानं तोडून टाकायचे. कडबाकुट्टी होती ती शेजारच्या चुलत्याकडं. बांधाच्या पलीकडं त्यांचा गोठा, आणि रोज सकाळी त्या यंत्राची घरघर आमच्या ओट्यावर ऐकू यायची.

आप्पा म्हणजे माझे वडील. आजोबांपर्यंत आमची माणसं मेंढरं घेऊन रानोमाळ फिरत होती. आप्पांनी मेंढरं विकली, विहीर खोदली, आणि तेव्हापासून कुणी विचारो न विचारो, 'आमी शेतकरी' असं ते सांगायचे. डोक्यावर पांढरी टोपी, रोज धुतलेली. अंघोळ आणि झोप सोडली तर मी त्यांना बोडक्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं. पाहुणा आला आणि टोपी खुंटीवर असली, तर आप्पा आधी खुंटीकडं जायचे, मग दाराकडं. असा माणूस, आणि त्याची मुलगी रोज फाट्यावरून कंपनीच्या टेम्पोत चढते. दहावीनंतर घरी बसून मी सगळ्यांशी भांडायला लागले होते, म्हणून 'जा बाई एकदाची' झालं होतं. परवानगी मिळाली, पण त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही.

काम पॅकिंगचं होतं. लोखंडी पट्ट्या पुसून खोक्यात भरायच्या. पण पट्ट्या दाबून वाकवणाऱ्या प्रेसवरचा माणूस आला नाही, की सुपरवायझर आम्हा बायकांपैकी कुणाला तरी मशीनवर बसवायचा. त्या मशीनला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय वरचा ठोकळा खाली येत नसे, म्हणजे हात मध्ये जायचा प्रश्नच नाही. पण काम भरभर व्हावं म्हणून एका बटणात काडी खोचून ठेवलेली असायची. एक हात बटणावर, एक पट्टी सरकवायला मोकळा. त्या दिवशी तो मोकळा हात माझा होता. आवाज रोजच्यासारखाच झाला, म्हणून मला कळायला जरा वेळ लागला.

सुपरवायझरनं एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथल्या कागदावर 'यंत्रात हात सापडून' एवढंच लिहिलं गेलं. पुढच्या आठवड्यात तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी आला आणि हात बरा झाला की या म्हणाला. हात बरा झाल्यावर मी गेले, तर गेटवरच्या माणसानं आत सोडलं नाही. आम्ही ठेकेदाराची माणसं. ठेकेदार म्हणाला, ही पॅकिंगची पोरगी, प्रेसला हिनं कधी हात लावला नाही, घरी कुठं तरी लागलं असेल. ते ऐकून मी गेटवरच मोठ्यानं ओरडायला लागले. लोक जमले. मग मला माझीच लाज वाटली आणि ओढणीत हात गुंडाळून मी परत आले.

शिरूरला कामगारांच्या केसेस बघणारे एक वकील होते. त्यांच्याकडं मीच गेले. मला पैसे नको होते असं म्हणणार नाही, हवेच होते. पण त्याहून जास्त हवं होतं ते हे, की ही बोटं इथं, आमच्या मशीनवर गेली, असं कुणीतरी कंपनीकडून वदवून घ्यावं. पुण्याच्या कामगार कोर्टात नुकसानभरपाईचा दावा दाखल झाला. आप्पा एवढंच म्हणाले, "पुण्यात काय करायचं ते कर. गावात बोभाटा नको."

म्हणून पुण्यात खरं आणि गावात खोटं, असं आमचं सुरू झालं. कोर्टात हात दाखवायचा आणि घरी झाकायचा. मी झाकण्यात इतकी तरबेज झाले, की डाव्या हातावर ट्रे पेलून उजवा नुसता पदराआडून लावल्यासारखा करायचे. घरातसुद्धा पट्टी सुटल्यापासून माझ्या हाताकडं कुणी पाहिलं नव्हतं. आई ताट वाढताना ताटाकडंच बघायची. आप्पा समोर आले की माझी ओढणी आपोआप पुढं यायची आणि आप्पांची मान आपोआप वळायची. कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. मला वाटायचं, मी काहीतरी घाण करून ठेवली आहे आणि सगळे मिळून ती झाकताहेत.

अशात दौंडचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत. आमच्याकडं रेल्वेतला मुलगा म्हणजे क्वार्टर, पास, पेन्शन, सगळं डोळ्यांपुढं. मध्यस्थ होते आईचे दूरचे भाऊ, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते पाहुण्यांना घेऊन रविवारी दौंडहून परस्पर येणार होते. आईनं चुलतीकडून कपबशा आणल्या, सतरंजी आणली. चुलता उमद्या मनाचा. तो हसत म्हणाला, "गोठा बी आपलाच समज. जा."

दुपारी जीप आली. दोन माणसं उतरली. एक टक्कल पडलेले वयस्कर, दुसरा तरुण, काखेत बॅग. मामा बरोबर नव्हते, पण जीप आली म्हटल्यावर आईला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. आप्पांनी खुंटीवरची टोपी घातली आणि दोघांना हाताला धरून सतरंजीवर बसवलं. ते म्हणाले, पुण्याहून आलो. मुलाचे काका पुण्यात असतात असं मामांनी सांगितलंच होतं. त्यांनी काही सांगायला तोंड उघडलं असेल, नसेल, मला माहीत नाही. आई कुणाला बोलू देत नव्हती.

"आमची पोरगी समदं करती," ती आतून बोलत होती. "भाकरी थापती, म्हशीची धार काढती. हाताला जरा हाय, पर काय अडत न्हाई तिचं. ल्हान व्हती तवा कडबाकुट्टीत गेला हात."

"कडबाकुट्टीत?" वयस्कर म्हणाले. "कुठं आहे ती?"

"दावतो की," आप्पा उठलेच. त्यांना घेऊन ते बांधापलीकडं गेले. मी खिडकीतून बघत होते. आप्पा चुलत्याच्या गोठ्याकडं हात करून बोलत होते, म्हशी दाखवत होते, आणि यंत्रावर अशी थाप मारत होते, जणू ते त्यांनीच बाजारातून उचलून आणलंय. मला रागही येत होता आणि त्यांच्याकडं बघवतही नव्हतं. मग मी पोहे नेले. हात पदराआड. तरुण माणसानं नाव विचारलं, शिक्षण विचारलं. टकलू गृहस्थांनी दोनदा पोहे घेतले. जाताना आईनं त्यांना घरची चिंच बांधून दिली आणि तीही त्यांनी घेतली.

ऊन उतरल्यावर मामा आले. एकटेच. म्हणाले, "दौंडवाल्यांना आज जमलं न्हाई. त्यांच्यात मयत झाली."

"मग ह्ये कोण व्हते?" आई म्हणाली.

कुणालाच माहीत नव्हतं. आईनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं, की कुठून तरी आपल्या पोरीचं कानावर गेलं असेल, चांगली माणसं होती, पसंत असेल तर कळवतील. त्यानंतर पोस्टमन दिसला की ती दारात यायची. दौंडचे पाहुणे पुढं आलेच नाहीत. पण त्या जीपवाल्यांची वाट ती बघत राहिली. त्यांचं उत्तर आम्हाला कोर्टात मिळालं.

थंडीचे दिवस होते. त्या तारखेला आप्पांची साक्ष होती. मुलीचा हात आधी धड होता आणि कंपनीत जायला लागल्यावर गेला, एवढंच त्यांनी सांगायचं होतं. ते नवं धोतर नेसून आले होते. कोर्टाची खोली लहान, बाकांवर इतर केसेसची माणसं दाटीनं बसलेली. आणि समोरच्या वकिलांच्या मागं ते टकलू गृहस्थ. त्यांना ओळखताच मी हात पदराआड घेतला. कंपनीच्या विम्याचे ते चौकशी करणारे होते.

आप्पांनी शपथ घेतली. आमच्या वकिलांनी विचारलेलं त्यांनी नीट सांगितलं. मग कंपनीचे वकील उठले आणि हातातला कागद वाचायला लागले. अमुक रविवारी आमची माणसं अर्जदाराच्या घरी गेली. आईवडिलांनी स्वखुशीनं माहिती दिली. मुलीचा हात लहानपणी घरच्या कडबाकुट्टीत गेल्याचं आईनं सांगितलं. वडिलांनी स्वतः ती कडबाकुट्टी दाखवली.

आमचे वकील माझ्याकडं बघायला लागले. हे त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं. पाहुण्यांना काय सांगायचं ते घरातलं, त्याचा कोर्टाशी काय संबंध, असं मला वाटायचं.

"आता सांगा," कंपनीचे वकील म्हणाले. "तुमच्या घरी कडबाकुट्टी आहे ना?"

 आप्पांनी एकदा टकलू गृहस्थांकडं पाहिलं. मला वाटलं, संपलं. 'हाय' म्हटलं तर दावा बुडाला, माझी बोटं त्यांच्या मशीनवर गेलीच नाहीत असं कायमचं ठरलं. आणि 'नाही' म्हणायचं, तर आप्पांसारख्या माणसानं भरल्या खोलीत आपल्या घरात काय काय नाही ते बोलून दाखवायचं. मी त्यांना ओळखून होते. ते 'हाय' म्हणणार, अशी माझी खात्री होती.

"न्हाई," आप्पा म्हणाले.

"काय नाही?"

"कडबाकुट्टी. आमच्यात न्हाई. कवाच नव्हती."

"मग यांना दाखवलीत ती कुणाची?"

"चुलत भावाची."

"आणि म्हशी?"

"त्या बी त्याच्याच."

मागं कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "आजोबा," ते म्हणाले, "मग यांना खोटं का सांगितलंत?"

"साहेब," आप्पा म्हणाले, "मला वाटलं, पोरगी बघाया आल्यात."

सगळी खोली हसली. कारकून हसला, पट्टेवाला हसला, आमच्या वकिलांनीही तोंडावर रुमाल धरला. न्यायाधीशांनी लिहिण्याच्या निमित्तानं मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि आप्पा थांबेनात. कुणी विचारत नसताना ते सांगत सुटले. "सतरंजी बी त्याची व्हती. कपबशा त्याच्याच. आमच्यात एक गाय हाय, साहेब. इळ्यानं चारा तोडतो मी तिला." प्रत्येक वस्तूला मागचे लोक हसत होते. मला वाटत होतं, पुढं जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवावा.

"पण कंपनीत लागलं हे सांगायला काय हरकत होती?" न्यायाधीशांनी विचारलं.

"लाज वाटली."

"कसली?"

"पोरगी कंपनीत जाती, ह्याची."

ह्या वेळी कुणी हसलं नाही. मला ते ठाऊकच होतं. पण इतकी वर्षं ठाऊक असलेली गोष्ट त्यांच्या तोंडून, शपथेवर, अनोळखी माणसांसमोर ऐकणं वेगळंच होतं. त्यांना माझी लाज वाटत होती आणि मला त्यांची, आणि आम्ही दोघं एकमेकांपासून चार पावलांवर होतो.

कंपनीच्या वकिलांना हे आवडलेलं नव्हतं. त्यांनी कागद टेबलावर टाकला. "तेव्हा खोटं बोललात, आता खरं बोलता, हे आम्ही कशावरून मानायचं? बरं, एवढं तरी सांगा. मुलीची बोटं किती गेली?"

आप्पांनी लगेच उत्तर दिलं. "दोन. उजव्या हाताची."

मी मान वर केली. ते चुकून बोलले नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

"दोन," वकील न्यायाधीशांकडं वळून म्हणाले. "जन्मदात्या बापाला माहीत नाही."

मला कुणी बोलावलं नव्हतं. तरी मी उठून साक्षीच्या कठड्यापाशी गेले, पदर बाजूला केला आणि हात कठड्यावर, आप्पांच्या पुढ्यात, उताणा ठेवला. पट्टेवाला 'ओ बाई' म्हणाला. न्यायाधीशांनी त्याला थांबवलं. आप्पांना ह्या वेळी मान वळवायला जागा नव्हती. त्यांनी हाताकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलले. ते मोजत होते.

"किती?" कारकुनानं विचारलं. त्याला लिहून घ्यायचं होतं.

"तीन," आप्पा म्हणाले, पण त्याला ऐकू गेलं नाही. मग ते मोठ्यानं म्हणाले, "तीन गेल्यात, साहेब. मला ठावं नव्हतं."

निकाल पुढं बऱ्याच दिवसांनी लागला, आमच्या बाजूनं. त्यात एक वाक्य होतं, की अर्जदाराच्या घरी असं कोणतंही यंत्र नाही. आईनं ते मला दोनदा वाचायला लावलं आणि तिला रडू आलं. खरंतर तिला आनंद व्हायला हवा होता. चुलत्याच्या गोठ्याकडं तोंड करून ती बराच वेळ बसली. त्या दिवसानंतर पाहुण्यांना काय सांगायचं, हा प्रश्न आमच्या घरात राहिला नाही, कारण पुण्याच्या कोर्टातला तो हशा आमच्या आधी गावात पोचला होता.

पण मला निकालापेक्षा तो साक्षीचा दिवसच आठवतो, आणि त्यातही परतीची एसटी. आम्ही दोघं एका बाकावर. वाघोली मागं पडलं. मी खिडकीशी होते आणि काच जराशी उघडी अडकलेली, एसटीच्या काचा अडकतात तशी. गार वारा आत येत होता. सणसवाडी आली तशी कंपन्यांची गेटं दिसायला लागली.

"कंची?" आप्पांनी विचारलं.

एवढे दिवस मी तिथं कामाला गेले, पण हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी हात बाहेर काढून दाखवली. ज्या हातानं दाखवली तो उजवा होता, हे माझ्याही उशिरा लक्षात आलं. मी तो घाईनं पदरात ओढायला लागले.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. मग समोरच्या बाकाकडं बघत, "दुखतं का गं?"

मला खूप काही बोलायचं होतं. इतक्या दिवसांनी विचारताय, असं तोंडावर आलं होतं. पण मी नुसतं म्हणाले, "थंडीत ठणकतं."

आप्पा उठले आणि माझ्यावरून वाकून काच ओढायला लागले. काच हलेना. त्यांनी मुठीनं ठोकली, खांदा लावला, तरी हलेना. एसटी भरलेली होती, लोक बघत होते. मग आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, तिची घडी केली आणि माझ्या हाताच्या बाजूला जिथून वारा येत होता तिथं ती फटीत घट्ट खोचली. शिरूर येईपर्यंत ते तसेच बोडके बसले होते.